दस्तगीरभाईंचं नाक

दस्तगीरभाई आत्तार पुस्तक आधी हुंगतात, मग उघडतात.

आमच्या वाचनालयात नवा आलेला माणूस हे बघून चपापतो. पन्नाशी ओलांडलेला, जाळीची टोपी घातलेला, एक गंभीर गृहस्थ कपाटातून पुस्तक काढतो, मधोमध उघडतो, त्यात नाक खुपसतो आणि बाजारात खरबूज पारखावं तसा लांब श्वास ओढतो. मग पुस्तक मिटून निकाल देतो.

"जोशी मास्तरांच्या घरनं आलंय. मास्तरांचा गुडघा अजून दुखतोय. तेल बदललंय त्येंनी."

आणि त्यावर ठरलेलं वाक्य: "मी न्हाई म्हणत, नाक म्हणतंय."

मी रजिस्टर उघडून बघायचो. पुस्तक खरोखरच जोशी मास्तरांकडून आलेलं असायचं. संध्याकाळी मास्तर स्वतः लंगडत यायचे आणि न विचारता सांगायचे की नवीन तेलाचा काही उपयोग नाही.

कडेगाव आणि कुंडलच्या मधे आमचं गाव आहे. चहूकडे ऊस, आणि गावात सोसायटीच्या गोदामावर दोन खोल्यांचं वाचनालय. खाली खताची पोती, वर साहित्य. तिथं मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. लोक मला तात्या म्हणतात. मी फार बोलणारा माणूस नाही. वाचनालयात "शांतता राखा" अशी पाटी आहे, ती माझ्यासाठी लावायची गरज कधी पडली नाही. पण दस्तगीरभाईंच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती मी गप्प राहून घडवली. म्हणून हे लिहितोय. आधी नाकाबद्दल सांगतो, मग माझ्याबद्दल.

दस्तगीरभाईंचा धंदा पिढीजात, अत्तराचा. आठवड्याचे पाच दिवस पाच गावचे बाजार. अत्तर, सुरमा, काजळ, उदबत्ती, शिकेकाई असं सगळं एका तीनचाकी टेम्पोत. शनिवारी घरी बाटल्या भरायच्या आणि रविवारी अख्ख्या कुटुंबानं वाचनालयात यायचं. हा नेम मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीचा. रविवारी नऊच्या सुमाराला टेम्पो वळणावर आला की वाचनालयात आधी गुलाब यायचा, मग मोगरा, मग हॉर्न आणि मग आत्तार मंडळी.

चार माणसं आणि चार सभासद कार्डं. दस्तगीरभाईंना प्रवासवर्णनं लागतात. स्वतः मिरजेच्या पुढं गेलेले नाहीत, पण परदेशातल्या कुठल्या हॉटेलात पाव शिळा मिळतो हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची बायको जैबूभाभी. त्यांना भुताच्या गोष्टी हव्यात, आणि भूत शेवटी भूतच निघायला हवं. माळ्याचा पोरगा पांढरी चादर घेऊन फिरत होता असं निघालं तर त्या पुस्तक परत आणून माझ्यापुढं आपटतात, जणू मीच ती चादर पुरवली होती. मुलगी तस्लीम, सांगलीला कॉलेज करून आलेली, आता इथल्या शाळेत शिकवते. ती सगळं वाचते. आणि दस्तगीरभाईंच्या आई, अम्मा. अम्मांना वाचता येत नाही. पण "घरात तिघांस्नी कार्ड आन मला न्हाई, मी काय पाव्हणी हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी अंगठा लावून कार्ड काढून घेतलं. त्यांना सासूला छळणाऱ्या सुनांच्या कादंबऱ्या लागतात. शनिवारी दुपारी बाटल्या भरताना तस्लीम त्या मोठ्यानं वाचते आणि अम्मा प्रत्येक पानाला "बघा, बघा" म्हणतात.

"बघा" हे कुणाला उद्देशून असायचं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. कारण अम्मा आणि जैबूभाभी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका ईदला पाहुण्यांसमोर अम्मा म्हणाल्या की शीरखुर्म्यात खारीक कमी आहे. जैबूभाभी म्हणाल्या, खारीक बरोबर आहे, दात कमी आहेत. त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. थोडाथोडका नाही, नऊ वर्षांचा. निरोप तस्लीममार्फत जायचे. "तुझ्या आईला सांग, दूध उतू चाललंय." तस्लीम दोघींच्या मधे उभी राहून सांगायची, तोवर दूध उतू गेलेलं असायचं. टेम्पोत अम्मा पुढं बसायच्या, जैबूभाभी मागं खोक्यांत. वाचनालयातल्या लांब बाकावर एक ह्या टोकाला आणि एक त्या टोकाला. मधे दस्तगीरभाई पुस्तक हुंगत उभे.

नाकाची कीर्ती पंचक्रोशीत होती. तंबाखू सोडवणाऱ्या पुस्तकाला मिश्रीचा वास येतो, हे त्यांनीच शोधून काढलं. उपवासाच्या पदार्थांचं पुस्तक त्यांनी एकदा हुंगलं आणि म्हणाले, "लय झणझणीत उपास हुता." एका योगासनांच्या पुस्तकाबद्दल निकाल आला की हे उशीच्या अभ्र्याला टेकूनच वाचलेलं आहे, ह्यातलं एकही आसन झालेलं नाही. परिणाम असा झाला की गावातली माणसं हात धुऊन वाचायला लागली. काहींनी पुस्तक परत करण्याआधी दिवसभर उन्हात वाळत घातलं. माझ्या वाचनालयातली पुस्तकं तालुक्यात सगळ्यात स्वच्छ असतील, आणि त्यात माझा काही हात नाही.

मात्र एक पथ्य ते पाळायचे. ज्यानं माणूस हसेल ते नाव घेऊन सांगायचे. ज्यानं माणूस खाली बघेल, तिथं नाव घ्यायचे नाहीत. हे पथ्य मला ठाऊक आहे, कारण एकदा मीच खाली बघणार होतो.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. वडिलांनी घातली आणि नोकरी तिच्यामुळं मिळाली. आमचे अध्यक्ष आप्पा. त्यांच्याही गळ्यात माळ आहे आणि ती माझ्या माळेपेक्षा जाड आहे. मुलाखतीत त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. माळ बघितली आणि म्हणाले, वाचनालयात असाच माणूस हवा, म्हणजे पुस्तकांना शिस्त राहते.

आणि मी भुर्जी खातो.

हे वाक्य लिहायला मला चोपन्न वर्षांचं व्हावं लागलं. सांगलीला पुस्तकखरेदीला गेलो होतो, स्टँडसमोरच्या गाडीवर पहिल्यांदा खाल्ली. ह्यात सांगलीचा काही दोष नाही. पुढं आमच्याही एसटी स्टँडवर गाडी लागली. वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असतं. त्या वेळात शटर अर्धं खाली ओढून, कागदात गुंडाळलेली भुर्जी आणि नव्या पार्सलमधलं कोरं पुस्तक घेऊन मी मागच्या खोलीत बसायचो. नोंद व्हायच्या आधी प्रत्येक नवं पुस्तक मी वाचलेलं आहे. अर्धी पुस्तकं मला चवीसकट आठवतात.

एका रविवारी दस्तगीरभाईंनी असंच एक नवंकोरं पुस्तक उचललं, मधोमध उघडलं, नाक लावलं. भुवया वर गेल्या. पुन्हा एकदा हुंगलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. शेजारी आप्पा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी कौतुकानं विचारलं की ह्याला कसला वास आहे.

"आप्पा, आज नाक चोंदलंय," दस्तगीरभाई म्हणाले आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

जाताना त्यांनी टेबलावर अत्तराचा एक फाया ठेवला. हळूच म्हणाले, "तात्या, दुपारचं पुस्तक हातात धरायच्या आधी बोटास्नी लावत जावा. वाळ्याचा हाय. तेलाला पुरून उरतो."

बस्स. पुढं कधी त्यांनी हा विषय काढला नाही. पण ज्यानं आपल्याला सांभाळून घेतलं त्याच्यावरच माणूस मनातून चिडतो. का, ते मला अजून कळलेलं नाही. दर रविवारी ते आले की मला वाटायचं, ह्याला माहीत आहे. ते हसून नमस्कार करायचे तरी मला वाटायचं, बघा, माहीत असल्यासारखा हसतोय. अशी बारा वर्षं गेली. फाये मात्र मी वापरत होतो.

मग तो साथीचा ताप आला. वाचनालय बंद राहिलं, बाजार बंद राहिले. दस्तगीरभाईंना ताप जोरात झाला, पण ते उठले. सगळं सुरळीत झाल्यावर पहिल्या रविवारी टेम्पो आला आणि माझ्या लक्षात आलं की बाकावर अम्मा आणि जैबूभाभी शेजारीशेजारी बसल्या आहेत. आणि बोलतायत. मोठ्यानं. मला वाटलं, आजारपणानं माणसं नरमतात, त्यातलंच असेल.

साधारण महिन्यानं फिनेलची बाटली फुटली. वाचनालयात असा वास भरला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळे रुमाल लावून जिन्यात उभे. दस्तगीरभाई खाली बघत जिना चढले, थेट आत गेले, त्या फिनेलमधे उभं राहून एक पुस्तक नाकाला लावलं, आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "वा. शिंदेबाईंच्या देवघरात आज चाफा दिसतोय."

तेव्हा मला कळलं. नाक गेलेलं होतं.

मग मी नीट लक्ष द्यायला लागलो. गप्प राहणाऱ्या माणसाला बघायला वेळ पुष्कळ असतो. दस्तगीरभाई पुस्तक घेण्याआधी तस्लीम ते सहज चाळायची आणि शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीतला सभासद क्रमांक बघायची. माझ्या टेबलामागं सभासदांची यादी टांगलेली आहे. ती यादीकडं बघून अम्मांच्या कानात नाव सांगायची. अम्मांना अक्षर येत नाही, पण गावात कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाला काय दुखतं, हे सगळं येतं. मग अम्मा जरा खाकरून म्हणायच्या, "जैबू, शिंदेबाईंची म्हस व्याली का गं?" जैबूभाभी म्हणायच्या, "कवाच. खरवस वाटला की त्येंनी." आणि दस्तगीरभाई पुस्तकातून नाक काढून म्हणायचे, "शिंदेबाईंच्याकडनं आलंय. खरवसाचा वास हाय."

तिघींनी त्यांना कधी सांगितलं नाही की आम्हाला कळलंय. त्यांनी तिघींना कधी सांगितलं नाही की नाक गेलंय. बाजारातसुद्धा तस्लीमनं बाटल्यांच्या गळ्याला रंगीत दोरे बांधून दिले होते, दिसायला छान म्हणून. लाल गुलाब, पांढरा मोगरा. ते दोरा बघायचे, बाटली उघडून हुंगायचे, मान डोलवायचे आणि गिऱ्हाइकाला द्यायचे.

हे बघून शहाण्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं असतं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. मला वाटलं, आता आपण सुटलो. आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही.

ह्या वर्षी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला काय कार्यक्रम ठेवावा, असं आप्पांनी विचारलं. सव्वीस वर्षांत मी कधी सूचना केलेली नव्हती. ह्या वेळी केली. म्हटलं, दस्तगीरभाईंच्या नाकाचा जाहीर प्रयोग ठेवू. डोळ्यावर पट्टी, टेबलावर पाच पुस्तकं. आप्पांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी पत्रिकेत ती पाहुण्यांच्या भाषणाच्या वर टाकली. मी निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा दस्तगीरभाईंनी पत्रिका सवयीनं नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमी ठरवलंय न्हवं? मग येतो की."

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होता. आत्तार कुटुंबाच्या खुर्च्या मी मुद्दाम शेवटच्या रांगेत ठेवल्या. तिथून बोललेलं व्यासपीठापर्यंत पोचत नाही, असा माझा हिशोब. हिशोबात मी अम्मांचा गळा धरला नव्हता.

पट्टी म्हणून माझंच उपरणं बांधलं. पहिलं पुस्तक हातात दिलं. दस्तगीरभाईंनी ते नाकाला लावलं. सभागृह शांत. आणि शेवटच्या रांगेतून, ऊस तोडणाऱ्या टोळीला हाक मारावी तशा आवाजात आलं:

"अगं जैबू, त्या जोशी मास्तरांचा गुडघा काय म्हनतोय?"

"तेल चोळत्यात म्हनं, अम्मा," जैबूभाभी तेवढ्याच मोठ्यानं.

"जोशी मास्तर," दस्तगीरभाई म्हणाले.

टाळ्या. जोशी मास्तर उभे राहिले आणि गुडघा आता बरा आहे असं त्यांनी सभेला सांगितलं.

तस्लीमला कुठलं पुस्तक कुणाकडं होतं ते पाठ होतं. लांबून मुखपृष्ठ बघूनच ती अम्मांच्या कानाला लागायची. दुसऱ्या पुस्तकाला शिंदेबाईंची म्हैस निघाली. तिसऱ्याला अम्मांनी विचारलं की डॉक्टरीणबाईंची धाकटी अजून भाजणी खाते का. चौथं पुस्तक खुद्द आप्पांनी नेलेलं. जैबूभाभींनी हाळी दिली, "आप्पांच्या घरात ह्या वर्साला पापड लवकर केलं व्हय?" आणि व्यासपीठावरून आप्पाच म्हणाले, "केले की. तुम्हाला कुणी सांगितलं?"

तोवर सगळ्या सभेला काय चाललंय ते कळलं होतं, एकट्या आप्पांना सोडून. आणि कुणालाही त्यात काही वाईट वाटत नव्हतं. माणसं खुर्च्यांवर डोलत हसत होती. पाहुणे डोळे पुसत होते. माझ्या आठवणीत वाचनालयाचा इतका चांगला कार्यक्रम झालेला नाही. मी तिथं थांबायला हवं होतं.

पाचवं पुस्तक मी टेबलाखालून काढलं. परवाच्या पार्सलमधलं, नोंद न झालेलं. त्यावर चिठ्ठी नव्हती. तस्लीमनं ते कधी बघितलेलं नव्हतं. ते एकाच माणसानं वाचलं होतं, मी, आदल्या दुपारी. नाक नसलेल्या माणसापुढं भुर्जीचं पुस्तक ठेवायला भीती कसली, असं मला वाटलं होतं.

तस्लीमनं मान हलवली. अम्मांनी तोंड उघडलं, मिटलं. मागून काही आवाज आला नाही. दस्तगीरभाईंनी पुस्तक बराच वेळ हातात धरलं. पानं उलटली. एका पानावर त्यांचा अंगठा थांबला.

"ह्ये पुस्तक तुमी नवं म्हणून ठिवलंय," ते म्हणाले. "पण हे कुणीतरी वाचल्यालं हाय."

"कुणी?" आप्पांनी विचारलं.

"त्ये नाक सांगत न्हाई. पर वाचलंय."

त्या वेळी मी एवढंच म्हणायचं होतं की बरोबर. नाव त्यांनी घेतलंच नव्हतं. पण आप्पा माझ्याकडं बघत होते आणि माळ मला गळ्याला टोचायला लागली. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "चूक. हे पार्सल परवाच आलंय. अजून नोंदसुद्धा झालेली नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "नाक रिटायर झालं रं." सगळे हसले. आधीसारखंच हसले, पण ते हसणं आता एका माणसावर होतं. दस्तगीरभाईंनी पट्टी सोडली, उपरण्याची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नाकाचं आता काय खरं न्हाई, तात्या." मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी टेम्पो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी नऊ वाजता खिडकीत उभा होतो. खालून फक्त खताचा वास येत होता.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. पिशवीत ते पाचवं पुस्तक होतं. दारात खाटेवर अम्मा रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या. आत चुलीशी जैबूभाभी भिंतीकडं तोंड करून. मला बघून अम्मा म्हणाल्या, "तस्लीम, तुझ्या आईला सांग, तात्या आलंत, चा टाक." तस्लीम आत गेली. आतून आवाज आला, "तुझ्या दादीला सांग, साखर संपली हाय." तस्लीम बाहेर आली. "दादी, साखर..." "तिला सांग, डब्यामागं पुडी हाय." चहा यायला पाऊण तास लागला. ती पोर तेवढ्यात मैलभर चालली असेल.

कार्यक्रमावरून घरी आल्यावर दोघींचं वाजलं होतं, असं तस्लीमनं सांगितलं. पाचव्या पुस्तकाला तू का गप्प बसलीस, असं अम्मांचं म्हणणं. तुम्हीच आधी बोलायचं ठरलेलं असतं, असं भाभींचं. तेव्हापासून बंद.

दस्तगीरभाई मागच्या खोलीत बाटल्या भरत होते. मी बसलो, पुस्तक काढून पुढं ठेवलं. त्यांनीच पुस्तक उघडलं आणि ते पान काढून दाखवलं. कोपऱ्यात अंगठ्याएवढा तेलाचा डाग.

"हाताला लागला," ते म्हणाले. "नव्या पुस्तकाला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागतोय? फाया लावायचा राहिला वाटतं त्या दिवशी."

"मग माझं नाव का घेतलं नाही?"

"तुमची नोकरी हाय ती. माझं काय, निस्तं नाक."

मी म्हटलं की मला दोन वर्षांपासून माहीत होतं, त्यांना वास येत नाही ते. माहीत असून मी हा कार्यक्रम ठेवला. खुर्च्याही मीच मागं ठेवल्या. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोला. तिघींस्नी कळंल."

"त्यांना माहीत आहे, दस्तगीरभाई. त्याच तर तुम्हाला..."

"त्येंला म्हाईत हाय, हे मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पर मला म्हाईत हाय हे त्येंला म्हाईत न्हाई. तेवढंच ऱ्हाऊ दे." बाटलीला बूच लावून ते थोडा वेळ दोऱ्याशी चाळा करत बसले. "तापातनं उठलो तर नाक गेल्यालं. अत्तरवाल्याचं नाक. आता सांगूनच टाकायचं, असं ठरवून त्या रविवारी आलो. पुस्तक तोंडाशी धरलं, आता सांगणार, तेवढ्यात मागनं अम्मा म्हणली, जैबू. नऊ वर्सांनी नाव घेतलं तिनं, तात्या. आन जैबू म्हणली, काय अम्मा. मी पुस्तकातनं तोंडच वर काढलं न्हाई. काढलं असतं तर दिसलं असतं त्येंला."

बाहेरून आवाज आला, "तस्लीम, तुझ्या आईला सांग, कप न्हेऊन ठेव म्हणावं."

दस्तगीरभाई हसले. "परत टपाल सुरू."

त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही. मी उठताना तस्लीमला एवढंच म्हणालो की पुस्तकांची मुदत संपली आहे, उद्या परत करायला तरी सगळे या. मुदतीचं नाव काढलं की त्या घरातलं कुणी घरी बसत नाही, हे मला माहीत होतं.

रविवारी टेम्पो आला. अम्मा पुढं, भाभी मागं खोक्यांत. वर आल्यावर एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. आप्पा वर्तमानपत्र वाचत होते. जोशी मास्तर होते, शिंदेबाई होत्या, आणखी पाचसहा जण. मी टेबलामागं उभा राहिलो. मी उभा राहिलो म्हटल्यावर सगळ्यांनी वर बघितलं, कारण मी कधी उभा राहत नाही.

मी म्हणालो, "वर्धापनदिनाला दस्तगीरभाईंचं पाचवं उत्तर बरोबर होतं. ते पुस्तक वाचलेलं होतं. मी वाचलं होतं. भुर्जी खाताना. ह्या मागच्या खोलीत. खोटं मी बोललो."

आणि माळेवर हात ठेवून उभा राहिलो. आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढला, पुसला. इतका वेळ लागला की मी मनातल्या मनात पुढच्या नोकरीचा अर्ज लिहायला घेतला.

"कुठली भुर्जी?" आप्पांनी विचारलं. "स्टँडवरची?"

"हो."

"तिखट जास्त घालतो तो," आप्पा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं, ह्या वेळी चेहऱ्याच्या बरंच वर धरून. तो विषय वाचनालयात तिथंच संपला आणि अजून कुणी काढलेला नाही.

दुपारी घरी गेलो आणि बायकोलाही सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "चौदा वर्षं तुमचे सदरे कोण धुतंय?" पुढं काही बोलली नाही. मी जेवायला बसलो. चौदा वर्षं ही बाई गप्प बसली आणि मी समजत होतो की घरात गप्प मीच आहे.

पण ते दुपारचं. सकाळी वाचनालयात, आप्पा पेपरमागं गेले. मग बाकाच्या त्या टोकावरून अम्मांचा आवाज आला. अभिमानानं नुसता फुटत होता.

"बघितलंस व्हय, जैबू? माझ्या पोराचं नाक."

जैबूभाभी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी कवा न्हाई म्हणलं, अम्मा?" आणि पदर सावरून मधली जागा सरकत आल्या.

तस्लीमनं एक पुस्तक चाळलं, यादीकडं बघितलं, दादीच्या कानाला लागली. पुस्तक वडिलांच्या हातात दिलं. अम्मांनी विचारलं, शिंदेबाईंच्या म्हशीचं काय. शिंदेबाई समोरच होत्या, त्यांनीही कान टवकारले. भाभींनी सांगितलं, दूध कमी झालंय. अम्मा म्हणाल्या, सरकी घालत नसतील. भाभी म्हणाल्या, आमच्या माहेरी पेंड घालतात. तिथून गोष्ट माहेरच्या विहिरीवर गेली, विहिरीवरून कुणाच्या तरी लग्नावर, आणि लग्नावरून शीरखुर्म्यावर. अम्मा म्हणाल्या, खारीक खरं तर बरोबरच होती त्या दिवशी. भाभी म्हणाल्या, न्हाई, जरा कमीच होती.

मी रजिस्टर उघडून, पेन हातात धरून बसलो होतो. शिंदेबाईंचं नाव कधीच येऊन गेलं होतं. दस्तगीरभाई पुस्तकात नाक खुपसून, डोळे मिटून तसेच उभे होते. त्यांना काही घाई नव्हती.